ब्रशनं लावलेली हळद

बेंगळुरात लग्न ठरलं की आधी परक्यांच्या लग्नात जाऊन जेवावं लागतं, हे मला मुलीचं लग्न ठरेपर्यंत ठाऊक नव्हतं. इथला केटरिंगवाला घरी डबा आणून चव दाखवत नाही. तो सांगतो, अमुक रविवारी अमुक हॉलवर माझं काम आहे, तुम्ही घरची माणसं या, पंगतीला बसून जेवा आणि मग काय ते ठरवा. मग आपण ठेवणीतली साडी नेसून ओळख ना देख अशा माणसांच्या लग्नात शिरायचं, दारातल्या मुलीनं शिंपडलेलं गुलाबपाणी अंगावर घ्यायचं, स्टेजवरच्या नवरानवरीकडं बघून उगीच मान हलवायची आणि सरळ जेवणाच्या हॉलकडं वळायचं. कुण्या बापानं हौसेनं घातलेलं जेवण चाखायचं आणि वर म्हणायचं, सारात मीठ कमी पडलंय. पहिल्याच खेपेला मला शिसारी आली. नवऱ्याला म्हटलं, आपल्या पोरीच्या लग्नातसुद्धा असलेच चटोर येऊन बसणार आहेत. तो म्हणाला, बसू देत की, आपण नाही का बसलो. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचा निकाल हा असाच लागतो.

आम्ही मूळचे निपाणीचे. नवऱ्याची नोकरी इथल्या एका कारखान्यात, माझी शिवाजीनगरच्या एका बँकेत, आणि मुलगी झाली तेव्हा तिला सांभाळायला माझी थोरली बहीण आली. तिला मी अक्का म्हणते, माझा नवरा अक्का म्हणतो, माझी मुलगी अक्का म्हणते आणि खालचा इस्त्रीवालाही अक्काच म्हणतो. थोडे दिवस म्हणून आलेली बाई, आता मुलगी तिशीला टेकली तरी इथंच आहे. अक्काचं लग्न झालं नाही. तिच्या अंगावर कोड आहे. शाळेत असताना बोटावर पांढरा ठिपका आला, मग मनगटं, मग ओठांच्या कडा, डोळ्यांभोवती. आमच्या वडिलांनी नाही नाही ते वैद्य केले. बावचीचा लेप लावून तिला उन्हात बसवायचे. अंगावर फोड आले, डाग होते तिथंच राहिले. बघायला आलेली माणसं पोहे न खाता उठून जायची. ते सगळं जुनं झालं, मी आता उगाळत बसत नाही. सांगायचं एवढंच, की माझ्या मुलीला न्हाऊमाखू घालणं, वेणी घालणं, तापात कपाळावर पट्ट्या ठेवणं, हे सगळं त्या हातांनी केलं. मी बँकेत काउंटरमागं असायची. पोरगी लहानपणी माझ्या हातून घासच घ्यायची नाही. मान फिरवून म्हणायची, पांढऱ्या हातानं भरव.

मुलीनं आपलं आपणच जमवलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, पुण्याचा. आईवडील पुण्याचं घर बंद करून त्याच्याजवळ मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले. पहिल्यांदा ती मंडळी आमच्याकडं आली तेव्हा अक्कानंच चहा आणला. मुलाच्या आईनं कप घेतला, अक्का आत गेल्यावर आवाज बारीक करून मला विचारलं, की हे पुढच्या पिढीत वगैरे जात नाही ना. मी म्हटलं, डॉक्टरला विचारा, मी बँकेत होते. नवऱ्यानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मग त्या बाई हसून म्हणाल्या, "नाही हो, सहज विचारलं. आम्ही काही तसले नाही." माझ्या आयुष्यात मला जेवढा त्रास झाला आहे तो सगळा तसले नसलेल्या माणसांनी दिलेला आहे. जे तसले असतात ते पोहे न खाता उठून जातात आणि आपण मोकळे होतो.

साखरपुड्याच्या दिवशी मुलगी कशी खुशीत होती. घरी परत आल्यावर तिनं अक्काच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, की माझी पहिली हळद अक्का लावणार. अक्का हबकली. म्हणाली, मी सवाष्ण नाही, मला कशाला ओढतीस त्यात, तुझ्या काकूला सांग. मुलगी म्हणाली, मी ते मानत नाही, तू लावलीस तरच मी हळदीला बसणार. अक्का नको नको म्हणत राहिली, पण दुसऱ्या दिवसापासून तिनं ती गोष्ट जिन्यातल्या झाडूवालीपासून कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत सगळ्यांना कन्नडमध्ये सांगून टाकली. सांगलीच्या भाच्याकडून बसमधून हळकुंडं मागवली. ती गच्चीवर वाळवायची, दुपारी उठून उलटीपालटी करायची, कावळा आला की हाकलायची. अहो, हळकुंडाला कावळा कशाला शिवतोय. पण तिला सांगणार कोण? इतक्या वर्षांत मी तिला असं कशातही रमलेलं पाहिलं नव्हतं. तिला आयुष्यात कुणी मांडवात पुढं बोलावलंच नव्हतं. त्या हळदीपायी ती एकदम सरळ चालायला लागली होती.

तर होसकोटे रोडवरच्या त्या हॉलची गोष्ट. तिथल्या केटरिंगवाल्याची होळगी, म्हणजे आपली पुरणपोळी, फार चांगली म्हणून आम्ही गेलो. या खेपेला विहीणबाईही आल्या, कारण त्यांना तिखट किती असतं ते बघायचं होतं. लांबलचक टेबलावर केळीची पानं मांडलेली. मुलगी, जावई होणारा मुलगा, माझा नवरा समोरच्या बाजूला. इकडं मी, माझ्या शेजारी अक्का आणि अक्काच्या पलीकडं विहीणबाई. वाढपी असे धावत होते की कुणीतरी मागं लागलंय. होळगी पानात पडली आणि तूपवाला पुढं निघून गेला. टेबलावर तुपाचं एक स्टीलचं भांडं होतं, त्यात चमचा. अक्कानं ते ओढलं, स्वतःच्या आधी विहीणबाईंच्या होळगीवर चमचाभर तूप सोडलं आणि म्हणाली, "स्वल्प तूप पाहिजेच की याला, नाहीतर घशात बसतंय."

विहीणबाई हसल्या. थँक्यू म्हणाल्या. आणि मग त्यांनी करंगळीनं, अगदी नखाच्या टोकानं, ती होळगी पानाच्या कडेला सारली. तूप ओघळून भाताला लागलं होतं, तो भातही सारला. मग कोशिंबिरीचे दोन घास खाल्ले, पोट भरलं म्हणाल्या आणि पान दुमडलं. अक्काचा हात त्या होळगीला लागलासुद्धा नव्हता हो. हातात चमचा होता. चमच्यातून तूप पडलं होतं. मी हे सगळं उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या तोंडातला घास मला गिळवेना.  किळस म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आणि ती त्या बाईला अक्काची आली होती त्याहून जास्त मला तिची आली.

बाहेर पडताना आइस्क्रीमचा काउंटर होता. पोट भरलेल्या विहीणबाईंनी तिथं उभं राहून दोन कप खाल्ले, एक व्हॅनिला आणि एक मँगो. मी मुलीकडं बघितलं. तिनंही पाहिलं होतं. तिचा चेहरा पाहूनच समजलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली, जे तिथं नव्हतंच.

गाडीत मी तोंड उघडलं. नवरा गाडी चालवता चालवता म्हणाला, अगं त्यांना कोलेस्टेरॉल असेल, तूप चालत नसेल. मी म्हटलं, आणि आइस्क्रीम काय औषध म्हणून घेतलं? मुलगी मागच्या सीटवर कानात ते वायर नसलेले हेडफोन घालून बसली होती. अक्का खिडकीतून बाहेर बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, "पुण्याकडं पोटं लहान असतात वाटतं." आणि स्वतःच हसली. आम्ही कुणी हसलो नाही.

त्यानंतरचे महिने मी फक्त किळसून काढले. लग्न म्हणजे आता काय काय असतं ते मी इथं सगळं सांगत बसले तर संध्याकाळ होईल. एक बाई घरी येऊन नाच शिकवून जायची. माझ्या नवऱ्याला, ज्याला उभ्या आयुष्यात कधी टाळी तालात वाजवता आली नाही, तिनं कमरेवर हात ठेवून हिंदी गाण्यावर डोलायला लावलं. फोटोवाल्यानं मुलीला आणि मुलाला पहाटे उठवून कुठल्याशा तलावाकाठी नेलं आणि धुरात उभं केलं, तो धूरही त्यानंच सोडलेला. प्रत्येक कार्यक्रमाचा रंग ठरलेला. मेहंदीला हिरवा, संगीतला जांभळा, हळदीला पिवळा, आणि बुटांपर्यंत सगळ्यांनी तोच घालायचा. केळवणसुद्धा सोडलं नाही. पूर्वी काकूनं घरी बोलवून चार पदार्थ करून वाढले की केळवण झालं. आता हॉटेलात मागं झेंडूच्या माळा आणि चमकत्या अक्षरांत केळवण असं लिहिलेलं, पुढ्यात पनीर. कुणी जेवत नव्हतं, सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. मी वीट येऊन बाहेर जाऊन उभी राहिले. मुलगी पाठोपाठ आली आणि म्हणाली, आई, तू प्रत्येक गोष्टीत नाक मुरडतेस. मुरडते. नाक कशाला दिलंय मग देवानं?

पण हे सगळं मी खपवून घेतलं असतं. पोरांची हौस म्हणून डोळे मिटले असते. हळदीचं मला गिळता आलं नाही.

आता हळद दोघांची एकत्र करतात. आमच्याकडं नवरदेवाची हळद आधी, मग त्याची उष्टी हळद नवरीकडं यायची, दोन घरं, दोन मांडव. आता एकच रिसॉर्ट, एकच झोपाळा, त्यावर दोघं शेजारी, समोर एकच मोठी पितळी परात. म्हणजे जो हात माझ्या मुलीला हळद लावणार, तोच हात त्यांच्या मुलालाही लावणार. हे माझ्या लक्षात नव्हतं आलं. विहीणबाईंच्या बरोबर लक्षात आलं होतं.

मारतहळ्ळीला त्यांच्या फ्लॅटवर आम्हाला बोलावलं. सजावट करणारी एक चुणचुणीत बाई लॅपटॉप उघडून बसली होती. तिनं चित्रं दाखवली. पांढऱ्या फुलांचे छोटे छोटे गुच्छ, काडीला बांधलेले. हे ब्रश, म्हणाली. पाहुण्यांनी हळदीत ब्रश बुडवायचा आणि नवरानवरीच्या गालाला टेकवायचा, फोटो खूप सुंदर येतात. विहीणबाई म्हणाल्या, आणि हायजिनिकही आहे, एवढ्या लोकांचे हात तोंडाला लागले की मुलांना पुरळ येतं. त्यांचा नवरा म्हणाला, पूर्वी आंब्याच्या पानानं नाहीतर दूर्वांनी लावायचेच की, म्हणजे परंपरेलाही धरून आहे. सगळं कसं तयार करून ठेवलं होतं. कुठं बोट ठेवायला जागा नाही.

मी विचारलं, की म्हणजे सगळ्यांनीच ब्रशनं लावायची का.

"सगळ्यांनीच," विहीणबाई म्हणाल्या. "म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको."

"कुणाला?" मी विचारलं.

 जावई होणारा मुलगा मोबाइलवर अंगठा फिरवत होता. माझी मुलगी नखाचा रंग खरवडत होती. ती सजावटवाली बाई बिचारी बाहेरची, तिला काही कळेना, ती म्हणाली, ब्रश गुलाबी फुलांचेही मिळतील. त्या घरात त्या क्षणी मला ओकारी येईल असं वाटलं. एका बाईचे हात आपल्या मुलाच्या तोंडाला लागू नयेत म्हणून दोनशे माणसांच्या हातात काड्या द्यायच्या. आणि वर त्याला सुंदर म्हणायचं, स्वच्छ म्हणायचं, परंपरा म्हणायचं. सरळ तोंडावर म्हटलं असतं ना, की तुमच्या बहिणीला लांब ठेवा, तर मी भांडले तरी असते. इथं भांडायला समोर माणूसच नव्हतं, नुसती फुलं होती. मी पाण्याचा ग्लास तसाच ठेवून उठले.

लिफ्टमध्ये मी मुलीला विचारलं, "तुला येते का अक्काची किळस?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मला कशी येईल, आई? पण मला त्या घरात राहायचंय. लग्नाच्या आधीच कशाकशावर भांडू? ब्रश तर आहे नुसता. अक्का लावेलच की पहिली. ब्रशनं लावेल."

 ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं, की ब्रश तर आहे नुसता.

अक्काला सांगायचं कुणी? मी दोन दिवस टाळलं. शेवटी मुलीनंच सांगितलं, जेवताना, दुसऱ्याच कुठल्या विषयात घालून. की अक्का, हल्ली ना फुलांच्या ब्रशनं लावतात, सगळेच, तूही तसंच लाव हं, म्हणजे फोटोत एकसारखं दिसेल. अक्कानं ताकाचा पेला खाली ठेवला. कन्नडमध्येच म्हणाली, सरी, म्हणजे ठीक आहे. मग भात कालवत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, तुझ्या काकूलाच लावू दे मग पहिली, मला त्या काडीनं जमायचं नाही. मुलगी घाईघाईनं म्हणाली, अगं सोपं असतं. अक्का म्हणाली, असेल. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवरची हळकुंडं घरात आली. फुलवालीनं मला विचारलं, की अक्का अलीकडं बोलत का नाहीत. मी म्हटलं, घरात कार्य आहे, दमते.

हळद शुक्रवारी होती, लग्न रविवारी. गुरुवारी दुपारी मी बँकेतल्या जुन्या मैत्रिणीला आमंत्रण देऊन घरी आले, तर अक्का मोरीजवळ पाटा-वरवंटा मांडून बसली होती. भिजवलेली हळकुंडं वाटत होती. मी म्हटलं, कशाला आता, तिथं त्यांनी पाकिटातली मागवलीय. ती म्हणाली, भिजवून ठेवली होती, टाकून काय देऊ? तिची पांढरी बोटं पिवळीधमक झाली होती. अंगावरचे डाग आणि धड कातडी, मनगटापर्यंत सगळं एक झालं होतं. मी तिथंच स्टुलावर बसले.

तेवढ्यात मुलगी पार्लरमधून आली. केस सरळ केलेले, भुवया कोरलेल्या. ती दारात उभी राहून अक्काकडं बघत राहिली. मग तिनं बॅग टाकली आणि अक्काच्या समोर ओल्या फरशीवर येऊन बसली, लहानपणी घास घ्यायला बसायची तशी. डोळे मिटून तोंड पुढं केलं.

"अक्का, मला आत्ता लाव. तुझ्या हातानं. कुणी नाहीये इथं. खरी पहिली हळद ही. उद्याची आपली फोटोपुरती."

 मला वाटलं, चला, पोरीला उमज पडली. अक्काचे दोन्ही हात हळदीनं भरलेले. तिनं ते वरही उचलले. मुलीच्या गालापासून वीतभर अंतरावर आले आणि तिथंच थांबले.

"कुणी नाही म्हणून लावू होय?" अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी काय चोरी केलीय गं? उद्या तिथं चार माणसांत म्हण, अक्का लाव. मी उठून येते. काडी नको, काही नको, याच हातांनी लावते. इथं मोरीत लपून नाही लावायची मी."

मुलीनं डोळे उघडले. "अक्का, तुला माहितेय ना मला काय वाटतं ते."

"मला माहितेय. त्यांनाही कळू दे."

अक्का उठली, नळाखाली हात धरले. पिवळं पाणी मोरीत गेलं. मुलगी तशीच फरशीवर बसून राहिली. मी तिला उठ म्हटलं नाही. खरं सांगते, मला त्या क्षणी माझ्या पोरीचीही शिसारी आली. प्रेम करायचं ते दार लावून करायचं, आणि दार उघडलं की काडी धरायची. पोटची पोर. ही अशी कधी झाली मला कळलंच नाही.

शुक्रवारी रिसॉर्टवर सगळं पिवळं होतं. खुर्च्यांचे पट्टे पिवळे, सरबत पिवळं, माझ्या नवऱ्याचा झब्बा पिवळा. अक्का येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. आपली जुनी इरकल नेसून, हिरवी, कुणी सांगितलेला रंग न ऐकता. बाह्या कोपरापर्यंतच्या. एरवी ती बाहेर जाताना मनगटापर्यंत झाकून घेते. पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले. पदराखाली घेतले नाहीत. मी शेजारी बसले.

माइकवाल्यानं मोठ्या आवाजात आरोळी दिली, की आता पहिली हळद, आणि पहिली हळद लावणार कोण, तर वधूच्या मातोश्री. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूचं नाव मागं पडलं असावं, किंवा मुलीनंच बदललं असावं. एका पोरीनं माझ्या हातात तो फुलांचा ब्रश आणून दिला. मी तो खुर्चीवर ठेवला. झोपाळ्यावर मुलगी बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मग अक्काकडं पाहिलं. अक्कानं काही केलं नाही. नुसती बघत राहिली, हात उघडेच. एवढं अंतर होतं की मुलगी हळू जरी बोलली असती तरी ऐकू आलं असतं.

माइकवाला पुन्हा म्हणाला, आईसाहेब लाजतायत. लोक हसले. मुलीचे ओठ हलल्यासारखे वाटले मला. मी पुढं झुकले. पण ती बोलली नाही. तिनं मान खाली घातली आणि गळ्यातली फुलांची माळ सारखी केली. मी उठले नाही. माइकवाल्यानं तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा विहीणबाई लगबगीनं पुढं झाल्या, ब्रश परातीत बुडवला आणि माझ्या मुलीच्या दोन्ही गालांना टेकवला. कॅमेरे खटाखट वाजले. अक्कानं टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी तिचीच होती.

मग ती जेवली. होळगी घेतली, त्यावर स्वतःच्या हातानं तूप घेतलं, पुन्हा एक होळगी घेतली. नवऱ्याला म्हणाली, चला, मला घरी सोडा, गुडघा दुखतोय. परत येताना गाडीत म्हणाली, पोरीला पिवळा रंग शोभतो. नवरा हो म्हणाला. मी खिडकीची काच खाली केली.

शनिवारी मुलगी घरीच होती, लग्नाआधीचा शेवटचा दिवस. पाहुणे संध्याकाळी येणार होते. दुपारी आम्ही चौघंच जेवायला बसलो. मुलीच्या कानामागं कालची हळद अजून वाळून चिकटलेली होती. अक्कानं भात वाढला, त्यावर आमटी. मुलीनं एक घास घेतला आणि थांबली.

"आमटी इतकी पिवळी का झालीय आज? कडवट लागतेय."

अक्का आपलं ताट वाढून घेत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी हळद आहे ती. वाटून ठेवली होती, टाकवेना. जेव."

 मुलगी ताटाकडं बघत बसली. मग तिनं भात कालवला आणि खाली मान घालून सगळा जेवली. आम्हीही जेवलो. अक्कानं तिला विचारलं, अजून हवी का. तिनं ताट पुढं केलं, आणि अक्कानं तिला पुन्हा वाढली.